मांडव, आहेर आणि फ्यूज

2025च्या दिवाळीत माझा भाचा लंडनहून पुण्याला आला, तेव्हा त्याच्या लॅपटॉपच्या झाकणावर मधोमध चकलीच्या भाजणीच्या पाकिटावरचे लेबल चिकटवलेले होते. लेबलाखाली काय आहे ते मला माहीत होते. दातेरी चक्रासारखे दिसणारे ते चिन्ह फ्रेमवर्क या अमेरिकन कंपनीचे. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत हेच चिन्ह दाखवत तो घरभर फिरला होता.

त्या वेळी त्याने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उलटा ठेवला आणि सोबत आलेल्या पेचकसाने खालचे पाच स्क्रू सैल केले. हे स्क्रू बाहेर पडत नाहीत, बुडातच अडकून राहतात; सोफ्याखाली शोधत बसायला नको. मग लॅपटॉप सुलटा करून कीबोर्डची अख्खी पाटी उचलली. ती लोहचुंबकावर बसलेली. खालची केबल सोडवली की यंत्र पूर्ण उघडे. आत प्रत्येक भागावर त्याचे नाव आणि एक क्यूआर कोड. बॅटरी, वायफायचे कार्ड, मेमरी, पंखा, स्क्रीन, काय बदलायचे ते बदला. माझ्या बहिणीने विचारले, ‘हे तर आपल्या मिक्सरसारखं झालं, भांडं निराळं, मोटर निराळी. यात नवीन काय?’ नवीन एवढेच, की लॅपटॉपच्या धंद्यात हे नाहीसे होऊन बरीच वर्षे झाली होती. 2023 साली त्याने त्याच सांगाड्यात मूळच्या इंटेलच्या बोर्डाऐवजी एएमडीचा नवा बोर्ड बसवला. मेमरी मात्र नवी घ्यावी लागली, जुनी चालेना. काढलेला बोर्ड फेकला नाही, घरच्या सर्व्हरला लावला.

तर अशा यंत्राच्या चिन्हावर लेबल का?

लिनक्स या खुल्या संगणक-प्रणालीच्या जगात त्या ऑक्टोबरात मोठे वादळ उठले होते. फ्रेमवर्कने हायपरलँड या लिनक्सच्या खिडक्या सांभाळणाऱ्या प्रकल्पाला आर्थिक मदत केली आणि ओमार्ची या नव्या लिनक्स वितरणाची जाहीर भलामण केली. ओमार्ची हे डेव्हिड हायनेमायर हॅन्सन यांचे अपत्य. वेबसाइटी बनवायचे रूबी ऑन रेल्स हे साधन ज्यांनी लिहिले तेच हे गृहस्थ. सप्टेंबर 2025 मध्ये त्यांनी लंडनवर एक लेख लिहिला होता. आपल्याला आठवते ते लंडन आता उरले नाही, कारण तिथे मूळचे ब्रिटिश आता बहुसंख्य नाहीत, असा त्याचा सूर. आणि ब्रिटनमधले अतिउजवे कार्यकर्ते टॉमी रॉबिन्सन यांच्या मोर्चाबद्दल कौतुकाचे शब्द. हायपरलँडची कथा वेगळी. त्याच्या मुख्य विकासकाला 2024 साली फ्रीडेस्कटॉप या संस्थेने वर्तनाच्या नियमांवरून आपल्या कामातून बाहेर काढले होते. मदत जाहीर होताच फ्रेमवर्कचे जुने, निष्ठावंत गिऱ्हाईक उसळले. कंपनीचे संस्थापक निरव पटेल यांनी उत्तर दिले, त्याचा आशय असा: आमचा मांडव मुद्दामच मोठा आहे, मुक्त सॉफ्टवेअर जिंकावे हे ज्यांना वाटते त्या सगळ्यांबरोबर आम्ही काम करतो, त्यांची इतर मते पाहत नाही.

‘मामा, तो लेख माझ्याबद्दल आहे,’ भाचा म्हणाला. ‘मी हॅरोला राहतो, कर भरतो, माझी मुलगी तिथे जन्मली. हा माणूस म्हणतो तुम्ही जास्त झालात. आणि माझ्या लॅपटॉपची कंपनी म्हणते, आम्ही मतं बघत नाही.’

‘मग विकून टाक.’

‘विकवत नाही ना! याच्यासारखा दुसरा आहे कुठे?’

लेबलाचा उगम हा. त्यापुढचे चार दिवस, फराळाच्या ताटासमोर, आम्ही याच एका गोष्टीवर भांडलो. या लेखातले बरेचसे त्या भांडणातून आलेले आहे.

पटेल यांच्या उत्तरापासून सुरुवात करतो, कारण ते मला पटले नाही आणि का पटले नाही हे सांगायला हवे. मांडव मोठा असावा, हे मान्य. मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना माणसाचे तोंड बघत नाही. लिनक्स ज्याला वापरायचे तो वापरतो, साधूही आणि चोरही; तसे नसेल तर ते मुक्त म्हणवता येणार नाही. लॅपटॉपचेही तेच. हॅन्सन यांनी फ्रेमवर्क विकत घेतला तर कोणी हरकत घ्यायचे कारण नाही. पण मांडवात येऊ देणे निराळे आणि आहेर करणे निराळे. लग्नात हजार माणसे जेवून जातात, त्यांची मते कोणी विचारत नाही. आहेर मात्र यजमान नावानिशी करतो आणि कोणाला काय केले त्याची वही ठेवतो. मदत देणे, नाव घेऊन शिफारस करणे ही निवड असते. हजारो प्रकल्पांतून दोन निवडले, तर ‘आम्ही मते पाहत नाही’ याचा अर्थ एवढाच, की ती मते आम्हाला आड आली नाहीत. भाच्याला ती येतात. त्याच्या बाजूने हा हिशोब अगदी सरळ आहे आणि त्याला ‘राजकारण आणू नका’ म्हणून गप्प करणारे लोक मला कधी समजले नाहीत. राजकारण त्याने आणले नव्हते, ते त्याच्या पत्त्यावर आले होते.

एवढे मान्य केल्यावर माझा आणि त्याचा रस्ता वेगळा होतो. लिनक्स वापरणाऱ्यांना कंपनी तोलताना एक खोड आहे: उघडेपणा आणि चांगुलपणा यांना एकाच पारड्यात टाकायचे. कंपनीने कोड खुला केला की ती सज्जन. मग तिच्याकडून दुसरी कुठली चूक झाली की पहिल्यांदाच फसवणूक झाल्यासारखा टाहो. वास्तविक उघडेपणा हा वस्तूचा गुण आहे, चांगुलपणा माणसाचा. कुलूप चांगले बनवणारा लोहार शेजाऱ्याशी कसा वागतो यावरून कुलूप ठरत नाही, आणि कुलूप चांगले आहे म्हणून लोहार देवमाणूस ठरत नाही. दोन्ही तोलायचे, पण वेगवेगळे. आणि तोलताना माझा पहिला प्रश्न असा असतो, की यातले काय परत फिरवता येते?

आहेर परत फिरवता येतो. म्हणजे दिलेला पैसा परत येत नाही, पण पुढच्या महिन्याचा थांबवता येतो, दुसऱ्याला देता येतो, चुकलो म्हणता येते. गिऱ्हाइकांचा दबाव इथे चालतो. लॅपटॉपच्या पोटात मात्र काही गोष्टी अशा आहेत, की त्या एकदा केल्या की खुद्द निर्मात्यालाही परत फिरवता येत नाहीत. आणि त्यांच्याबद्दल कोणी ओरडत नाही, कारण त्या दिसत नाहीत.

थोडे आत शिरू. बटण दाबल्यावर लिनक्स सुरू होण्याआधी तीन-चार थरांतले कार्यक्रम आधीच चाललेले असतात. कीबोर्ड, पंखा, चार्जिंग सांभाळणारी एक छोटी चिप असते, तिचे फर्मवेअर. मग बायोस, म्हणजे यंत्र जागे करून लिनक्सच्या हाती देणारे फर्मवेअर. इंटेलच्या यंत्रात त्याच्याही खाली मॅनेजमेंट इंजिन नावाचा स्वतंत्र संगणक, ज्यावर मालकाची काहीच सत्ता नाही. एएमडीतही तसाच एक सुरक्षा-प्रोसेसर. फ्रेमवर्कने यातल्या पहिल्या थराचा, म्हणजे कीबोर्ड-पंखा सांभाळणाऱ्या चिपचा कोड 2022 साली खुला केला. ही लहान गोष्ट नाही. बहुतेक कंपन्या एवढेही करत नाहीत, आणि मग पंख्याचा आवाज कमी करण्यासाठी लिनक्सवाल्यांना अंधारात चाचपडावे लागते. पण बायोस इनसाइड या तैवानी कंपनीचा, बंद. बोर्डाचे संपूर्ण आराखडे दुरुस्तीच्या दुकानांना मिळतात, तेही गुप्ततेच्या करारावर. गंमत अशी, की 2022 मध्ये फ्रेमवर्कने क्रोमबुकचा एक अवतार काढला, आणि त्यात कोअरबूट हे खुले फर्मवेअर होते, कारण गुगल सगळ्या क्रोमबुकांत तेच वापरते. गुगलच्या अटीने जे आले, ते लिनक्सवाल्या गिऱ्हाइकाच्या विनवणीने आले नाही.

बंद असणे हे एक झाले. बंद असून हेळसांड होणे हे त्याहून वाईट. पहिल्या दोन पिढ्यांच्या लॅपटॉपना बायोसचे सुरक्षा-अपडेट महिनोन्महिने मिळत नव्हते, चाचणीच्या अवस्थेत पडून होते. 2024 साली यावर जाहीर टीका झाली तेव्हा पटेल यांनी ते कबूल केले आणि जुन्या यंत्रांच्या देखभालीसाठी वेगळी व्यवस्था लावली. कबूल केले हे चांगले. पण ज्या लॅपटॉपचे सगळे मोल ‘दहा वर्षे वापरा’ या वचनात आहे, त्याचा बायोस दोन वर्षांत शिळा होत असेल, तर स्क्रू कितीही सुबक असले तरी वचन कच्चेच. बायोस खुला असता तर त्या गिऱ्हाइकांतलेच पाच-दहा जण हे काम करत बसले असते. त्यांना ते हवेच होते! ऑक्टोबर 2025 चे वादळ या मुद्द्यावर उठले असते तर मी त्यात भाच्याच्या पुढे उभा असतो.

आणि आता फ्यूज. 2013 साली इंटेलने बूट गार्ड नावाची सोय आणली. कारखान्यात निर्माता चिपसेटमध्ये काही सूक्ष्म फ्यूज जाळतो, म्हणजे आपल्या किल्लीचा ठसा सिलिकॉनमध्ये कायमचा कोरतो. त्यानंतर त्या किल्लीची सही असलेलाच बायोस त्या बोर्डावर चालतो. हेतू वाईट नाही: चोराने मधल्यामध्ये बायोस बदलू नये. पण जळालेला फ्यूज पुन्हा जोडता येत नाही. पैसे देऊन यंत्र घेतलेल्या मालकालाही स्वतःचे फर्मवेअर तिथे कधीच चढवता येत नाही. कंपनीचे धोरण बदलले, मालक बदलला, कंपनी बुडाली, तरी नाही. एएमडीत असलाच प्रकार प्रोसेसरमध्ये होतो. लेनोव्होच्या काही एएमडी यंत्रांत प्रोसेसर एकदा बसला, की तो लेनोव्होच्या बोर्डाला जखडला जातो. काढून दुसऱ्या कंपनीच्या बोर्डात घातला तर चालत नाही. सुट्या भागांवर चालणाऱ्या मुंबईतल्या आपल्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. चांगला प्रोसेसर, पण दगड.

हे जाळणे सुरक्षेसाठी, असे म्हणावे तर 2023 साली एमएसआय कंपनीवर हल्ला झाला, आणि शंभरहून अधिक मॉडेलांच्या बूट गार्डच्या खासगी किल्ल्या चोरांनी उघड्यावर टाकल्या. घराची किल्ली हरवली तर आपण कुलूप बदलतो. इथे कुलूप सिलिकॉनमध्ये कोरलेले, बदलणार काय? चोराकडे किल्ली आहे आणि मालकाला कुलूप बदलता येत नाही, अशी स्थिती कायमची झाली. फ्यूज जाळण्याऐवजी किल्ली ठरवण्याचा अधिकार मालकाला दिला असता तर त्याने निदान आपली नवी किल्ली बसवली असती. अशा स्थितीला मी अनैतिक म्हणतो, आणि यासाठी कोणाची राजकीय मते तपासावी लागत नाहीत.

माझा स्वतःचा अनुभव याच जातीचा, जरा जुना. एका मोठ्या कंपनीच्या लॅपटॉपचे वायफाय कार्ड बिघडले. मी त्याच मापाचे दुसरे आणून बसवले. यंत्र सुरूच होईना. काळ्या पडद्यावर एक ओळ आली, की अनधिकृत कार्ड काढून टाका. बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी लिहिलेली होती आणि माझे कार्ड त्यात नव्हते. मी त्या रात्री जितका चिडलो तितका पैसे हरवल्यावरही चिडलो नसेन. माझ्या पैशाचे यंत्र, माझ्या घरात, मला ‘अनधिकृत’ म्हणत होते.

भाच्याने इथे मला पकडले. ‘आणि तू कशावर लिहितोस, मामा? थिंकपॅडवर. तेही लेनोव्होच्या.’

खरे आहे. लिनक्सच्या मंडळींचे थिंकपॅडवर आंधळे प्रेम आहे आणि मीही त्यातलाच. तेव्हा लेनोव्होचा ताळेबंद मांडू. 2014 च्या शेवटाला या कंपनीने आपल्या घरगुती लॅपटॉपांत सुपरफिश नावाचे जाहिरातींचे सॉफ्टवेअर घालून विकले. त्याने यंत्रात स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बसवले, आणि सगळ्या यंत्रांत त्याची खासगी किल्ली एकच. एका संशोधकाने तिचा पासवर्ड काही तासांत काढला. तो होता ते तंत्र बनवणाऱ्या कंपनीचे नाव. म्हणजे बँकेच्या संकेतस्थळाचे सोंग आणून कोणीही मधे बसू शकत होता. 2017 साली 32 राज्यांबरोबर 35 लाख डॉलरवर तडजोड झाली. 2015 मध्येच आणखी एक उघडकीस आले: काही मॉडेलांत विंडोज पुसून नव्याने टाकले, तरी बायोसमधून कंपनीचा कार्यक्रम पुन्हा आत येत होता. थिंकपॅड या दोन्हींतून सुटले, लिनक्सवाले तर सुटलेच, म्हणून आपण ते विसरलो. शेजाऱ्याचे घर फोडणाऱ्या दुकानदाराकडून आपण अजून कुलपे घेतो.

त्याच लेनोव्होने 2018 पासून लिनक्सवर बायोसचे अपडेट सुखाने मिळावेत म्हणून एलव्हीएफएस या सामायिक सेवेत आपली फर्मवेअर टाकायला सुरुवात केली. 2020 मध्ये थिंकपॅडवर फेडोरा हे लिनक्स वितरण घालून विकले. माझ्या सात-आठ वर्षे जुन्या थिंकपॅडला बायोसचा अपडेट लिनक्सवरून एका आज्ञेने येतो. म्हणजे ज्या कसोटीवर ‘उघडी’ कंपनी घसरली, तिथे डागाळलेली कंपनी उत्तीर्ण झाली. उघडेपणा आणि चांगुलपणा वेगळे तोला म्हणतो ते यासाठी.

आणि मग ते सगळ्यात अवघड पान. मार्च 2020 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका धोरण-संस्थेने अहवाल काढला, की शिनजियांगमधल्या उइगुर मजुरांना चीनमधल्या इतर कारखान्यांत सक्तीने नेले जाते. ज्या 80 हून अधिक ब्रँडांच्या पुरवठा-साखळीशी त्याचा संबंध अहवालाने लावला, त्यांत ॲपल, डेल, एचपी, लेनोव्हो ही नावे होती. यादीत नाव असणे म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे. तरी परत न फिरणाऱ्या गोष्टींची माझीच कसोटी लावली, तर सगळ्यात न परतणारी वस्तू फ्यूज नव्हे, कोणाच्या तरी आयुष्याची वर्षे आहेत. मुक्त सॉफ्टवेअरच्या मंडळींत परवान्याच्या एका कलमावर महिनाभर चर्चा चालते. सर्किट बोर्ड कोणाच्या हातांनी जोडला यावर मी पाच मिनिटांची चर्चा ऐकलेली नाही. फ्रेमवर्क असो, की सिस्टम76 आणि पुरिझम या लिनक्सचे लॅपटॉप विकणाऱ्या कंपन्या, कोणाच्याही चिपच्या मुळापर्यंत जाणारा पत्ता गिऱ्हाइकाला मिळत नाही. इथे माझ्याकडे निवाडा नाही. जुना लॅपटॉप घेतला की नवा बनवावा लागत नाही, एवढीच पळवाट माझ्याकडे आहे, आणि ती पळवाटच आहे हे मला कळते.

पुरिझमचे नाव आलेच आहे, तर त्याबद्दल बोलायलाच हवे, कारण शुद्धतेचा दावा सगळ्यांत मोठा याच कंपनीचा. नावातच आहे. 2014 साली लोकवर्गणीतून लिब्रेम 15 हा लॅपटॉप जाहीर झाला, संपूर्ण मुक्त यंत्राच्या स्वप्नावर. फर्मवेअरचे जाणकार तेव्हाच सांगत होते, की इंटेलच्या चिपवर हे जमणार नाही. लोकांच्या हाती पहिले लॅपटॉप आले ते नेहमीच्या बंद बायोससह. कोअरबूट 2017 मध्ये आले. त्याच वर्षी मॅनेजमेंट इंजिनही त्यांनी निष्प्रभ केले, आणि ते काम खरोखर मोलाचे होते. पण 2017 सालीच कंपनीने लिब्रेम 5 या फोनसाठी 20 लाख डॉलरहून अधिक वर्गणी घेतली, जानेवारी 2019 चा वायदा केला, आणि मोठ्या प्रमाणावर फोन निघायला लागले ते नोव्हेंबर 2020 मध्ये. पैसे परत मागणाऱ्यांच्या तक्रारी त्यानंतरही वर्षानुवर्षे चालू राहिल्या.

या फोनात एक बारकावा आहे, तो मला फार बोलका वाटतो. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या हार्डवेअर-प्रमाणपत्राचा नियम असा, की मुख्य प्रोसेसरवर बंद कोड चालता कामा नये. पण आत बसवलेल्या, पुढे कधी बदलायच्या नसलेल्या दुय्यम प्रोसेसरच्या कोडला सूट. लिब्रेम 5 च्या चिपला मेमरी सुरू करताना एक बंद फाइल लागतेच. मग पुरिझमने योजना केली, की ती फाइल वेगळ्या चिपमध्ये ठेवायची आणि मुख्य प्रोसेसरऐवजी बाजूच्या छोट्या प्रोसेसरने चढवायची. फाइल तीच, काम तेच. फक्त हात बदलला. सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात पाणी कोणाच्या हातून आले यावर शुद्धता ठरते तशी. उलट बंद कोड नजरेआड गेल्याने तो सुधारायचा रस्ताही अरुंद झाला. नियम पाळला, मालकाचे काही वाढले नाही. ज्या चळवळीने ‘कोड दिसला पाहिजे’ म्हणून जन्म घेतला, तिचेच प्रमाणपत्र कोड नीट लपवल्याबद्दल मिळू शकते, हे मला हास्यास्पद वाटते.

तरीही पुरिझमच्या पानावर शेवटी जमा आहे ती अशी: त्या फोनसाठी त्यांनी लिहिलेला फॉश हा मोबाइलचा पडदा आज इतरांच्या फोनवर चालतो, आणि त्यांच्या लिबहँडी या संचातूनच पुढे लिनक्सवरच्या गनोम या डेस्कटॉपच्या आजच्या लिबअद्वैताचा पाया पडला. गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवणाऱ्या कंपनीचे काम, ती कंपनी ज्यांना आवडत नाही त्यांच्याही लॅपटॉपवर रोज चालते. खुल्या परवान्याने दिलेले परत घेता येत नाही. परत न फिरण्याची ही दुसरी बाजू, आणि या एका बाबतीत ती आपल्या फायद्याची.

जर्मनीतल्या टक्सेडो कंपनीचे प्रकरण थोडक्यात. तिच्या लॅपटॉपचे ड्रायव्हर जीपीएल या मुक्त परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत, लिनक्सचा गाभा दुसऱ्या आवृत्तीत. दोन्ही एकत्र नांदत नाहीत, आणि आपला कोड आपल्या सवडीनेच गाभ्यात जावा म्हणून कंपनीने ते तसे ठेवले होते. नोव्हेंबर 2024 मध्ये गाभ्याच्या विकासकांनी तिच्या ड्रायव्हरांची वाट अडवायचा प्रस्ताव आणला. काही दिवसांत कंपनीने परवाना बदलला. चूक, ओरड, दुरुस्ती. फिरवता येण्यासारखे होते, फिरवले. मी ते पान मिटून टाकले.

भाऊबीजेच्या दिवशी मी भाच्याला हे सगळे पुन्हा ऐकवले. तू ज्याच्यावर चिडलास ते उद्या बदलू शकते, आणि ज्याच्यावर चिडला नाहीस ते कधीच बदलणार नाही, असे म्हणालो. मला वाटले होते, की वाद इथे मी जिंकतो.

तो म्हणाला, ‘मामा, फ्यूज फक्त चिपमध्ये असतात असं तुला वाटतं. मी त्या कंपनीसाठी तीन वर्षं फुकट जाहिरात केली. ऑफिसात सहा जणांना घ्यायला लावला. आता पुन्हा कधी सांगेन का कोणाला? उद्या त्यांनी माफी मागितली तरी?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. माझ्या कसोटीत ही गोष्ट धरलेलीच नव्हती. एक पैसाही न घेता या कंपनीला उभे करणारी माणसे म्हणजे तिची खरी पुंजी होती. बाजारातले बाकीचे लॅपटॉप पत्र्याने पातळ आणि पैशाने स्वस्त असताना हिचा घेतला तो याच माणसांच्या शब्दावर. आहेर थांबवता येईल. तो शब्द परत मिळणार नाही.

तरीही माझा निवाडा आहे तो आहे. फ्रेमवर्क आज बाजारातल्या उघड्या लॅपटॉपांत वरच्या रांगेत आहे. तिने आहेराची निवड वाईट केली आणि त्याचा खुलासा त्याहून वाईट केला. आणि तिचा बायोस बंद ठेवणे ही या दोन्हींपेक्षा जास्त काळ टिकणारी चूक आहे. विकत घेणाऱ्याने घ्यावा, पण चिडायचे तर तिन्हींवर चिडावे. हा लेख लिहीपर्यंत ती कंपनी भारतात थेट विकत नव्हती, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न बहुतेकांना परदेशातून येणाऱ्या भाच्या-पुतण्यांमार्फतच पडणार. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यातल्या एखाद्या गाळ्यात जुना लॅपटॉप घेणाऱ्याला पडणारा प्रश्न मात्र आपला आहे, आणि केंद्र सरकारने 2022 साली दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यात कंपन्यांकडून सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती मागितली. फ्यूज जाळलेले आहेत की नाहीत, आणि किल्ली कोणाकडे आहे, ही माहितीही त्यात मागितली पाहिजे. पाकिटावर वजन छापतात तसे खोक्यावर तेही छापून यावे. ग्राहक पंचायतीने हा विषय हाती घ्यावा अशी माझी विनंती आहे.

राहता राहिला माझा थिंकपॅड. तो टी480 आहे, 2018 सालचा, इथेच जुना घेतलेला. त्याच्यावर खुले फर्मवेअर चढवणे अनेक वर्षे अशक्य होते, बूट गार्डमुळे. मग इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनमधल्या एका जुन्या भगदाडाचा उपयोग करून एका विकासकाने वाट काढली, आणि डिसेंबर 2024 मध्ये लिबरबूट या खुल्या फर्मवेअरच्या प्रकल्पाने टी480 ला आधार दिला. कोणाच्या औदार्याने हे दार उघडलेले नाही, कुलूपवाल्याच्या चुकीने उघडले. त्यासाठी बुडाचे झाकण काढून फ्लॅश चिपला चिमटा लावावा लागतो; चिमटा मी मागवला आहे, तो खणात आहे. भाच्याने जाताना विचारले, की मग चढवलेस का नाहीस. वेळ मिळाला नाही, असे मी त्याला सांगितले. खरे कारण असे, की यंत्र बंद पडेल याची भीती वाटते. मूळचा बंद बायोस अजून तिथेच आहे, आणि हा लेख त्याच्यावरच लिहिला.